डब्यातली पिसं

"जावयबापू, ह्या तुमी कोणावर केलास?"

सीताबाईंनी जावयाच्या कपाटात सापडलेला डबा डायनिंग टेबलावर उघडा टाकला. आत कोंबड्याच्या मानेचं सोललेलं कातडं होतं, पिसांसकट. काळा दोरा होता, वाकवलेल्या बारीक सुया होत्या आणि लांब काळ्या केसांची एक बट. त्यांच्या लेकीचे, विशाखाचे केसही लांब आणि काळेच. मालवणकडच्या बाईला यापुढे काही सांगावं लागत नाही. ही करणी!

विशाखाला दिवस गेलेले. तिला घाबरवायला नको म्हणून ती हॉस्पिटलात ड्यूटीवर जाईपर्यंत सीताबाई गप्प राहिल्या होत्या. तिची बॅग मात्र त्यांनी भरून ठेवली होती. कुवेतमधल्या हवल्लीतल्या या घरातून लेकीला माहेरी न्यायची आणि पुन्हा पाठवायची नाही, हे पक्कं ठरलं होतं.

जावई धैर्यशील पुण्याचा, बँकेत नोकरीला. करणी म्हणजे काय हे कळायलाच त्याला वेळ लागला. कळल्यावर त्याने घाईघाईने डबा पुढ्यात ओढला.

"आई, ही माशी आहे," तो कसाबसा म्हणाला. "म्हणजे, होणार आहे. बसा, करून दाखवतो."

त्याने एक सुई छोट्या पकडीत अडकवली. ती सुई नव्हतीच, गळ होता, तांदळाच्या दाण्याएवढा. त्यावर दोरा गुंडाळला. पिसाच्या तंतूंची शेपटी बांधली. ती बट घोड्याच्या शेपटीची निघाली. तिच्यातला एक केस वेढत नेऊन माशीचं अंग केलं. मग मानेचं एक पीस गळाभोवती फिरवलं, तसे त्याचे तंतू चहूबाजूंनी ताठ उभे राहिले. घाईत दोरा तुटत होता. सीताबाई डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. मध्येच मंत्र पुटपुटतोय का, याकडेही त्यांचा कान होता.

त्याने माशी वाटीतल्या पाण्यात सोडली. ती बुडाली नाही. पाण्यावर नुसती टेकून उभी राहिली.

"नदीवर अशा माश्या असतात, जेमतेम एक दिवस जगणाऱ्या. ट्राउट मासा त्यांच्यावर झडप घालतो. दर उन्हाळ्यात मी हिमाचलला त्याला पकडायला जातो, तेव्हा ही खोटी माशी लागते. कुवेतमध्ये नदी कुठली? म्हणून नुसता बांधत बसतो."

सीताबाईंनी वाटीत फुंकर मारली. माशी तरंगत पलीकडे गेली. माशाला कसं फसवतात हे काय त्यांना सांगायला हवं? त्या धपकन खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. लेकीचा संसार शाबूत होता. धैर्यशीलच्याही जिवात जीव आला.

"बॅग रिकामी करतंय हां," म्हणत त्या उठल्या आणि तशाच थबकल्या. मग घाईघाईने गावी भावाला फोन लावला.

"तुळशीदासा, सकाळी सांगितलंय ता गाऱ्हाणा देवळात घातलंस काय रे? घातलंस? अरे, मगे धावत परत जा! देवाक सांग, जावयाचो हात झडांदे म्हटलंय ता मागे घेतलंय. भारी गुणाचो हात आसा तेचो!"