गंज लागू नये म्हणून

टिल्लूंनी जुन्या फियाटचं सस्पेन्शन सुटं केलं आणि सहा महिने त्याचा गंज खरवडण्यात घालवले. प्रत्येक स्प्रिंगला, प्रत्येक सांध्याला आधी रेड ऑक्साइड, मग काळा रंग दिला. “पहिली फेरी हर्णैला, तुझ्या माहेरी,” असं त्यांनी बायकोला, शरयूला, कबूल केलं होतं.

निघायच्या दिवशी रस्ता ओला होता. शरयू बॅग घेऊन आली, तर ते गॅरेजला कुलूप लावत होते.

“खालून चिखल उडेल गं.”

“मग एवढा रंग कशासाठी दिलात?”

“गंजू नये म्हणूनच ना!”

शरयू एकटीच एसटीने गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. “ओटीवर बसलेय. समुद्राचा वारा सुटलाय. तुम्ही हवे होतात.”

“खारा वारा?” टिल्लू दचकले. “बरं झालं, गाडी आणली नाही!”