पब्लिकची विहीर

धुरपताबाईनं डोक्यावरची घागर उतरवून विहिरीच्या काठावर ठेवली, तोच रामराव आडवा आला.

“ही विहीर पब्लिकची हाय, बाई.”

“म्हनून त आली.”

कामरगावच्या बाजारालगत माणिकचंद शेटनं ही विहीर नुकतीच बांधली होती. पूजेच्या दिवशी शेट सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले होते, विहीर माझी नाही, पब्लिकची आहे. गर्दीच्या मागं उभ्या धुरपताबाईनं तो शब्द पदराला गाठ मारावी तसा जपून ठेवला होता. तिच्या तांड्याजवळचा नाला आटला होता. वाळूत उकरलेल्या खड्ड्यात वाटी-वाटीनं पाणी जमत होतं आणि लेकरं त्याभोवती ओठ चाटत बसत होती. रिकामी घागर घेऊन ती परत जाणार नव्हती.

“पब्लिक म्हंजे गावचे लोक,” रामराव म्हणाला. विहिरीची राखण त्याच्याकडे होती, आणि राखणीबरोबर अक्कलही आपल्याकडेच आली असा त्याचा समज होता. “तुमचा तांडा गावाभाईर.”

धुरपताबाईला राग आला, पण रागाहून नवल जास्त वाटलं.

“काहून रे भाऊ, मतं मांगाले जीप आली तवा आमी पब्लिक. मोटारीत कंडक्टर वरडते, पब्लिक मांगं सरका, तवा बी आमीच. मंग पानी पेतानीच कसे भाईर गेलो?”

रामराव कान खाजवू लागला. हा शब्द आजवर त्यानं नुसता वापरला होता, उलटून पाहिला नव्हता.

“थे मले नोको विचारू. शेटले विचार.”

शेट कारंज्याला गेले होते. पण तेवढ्यात त्यांची बायको अंगुरीबाई पाण्याला आली. घरात नोकरचाकर असूनही पिण्याचं पाणी ती स्वतःच भरायची. तिनं बादली ओढली, पितळी गुंडावर दुहेरी फडकं धरून पाणी गाळलं. मग फडकं उलटं केलं, त्यावर गाळलेलंच थोडं पाणी ओतून ते बादलीत धरलं आणि बादली हळूहळू पुन्हा विहिरीत सोडली. पाण्याला टेकल्यावर दोर हलवून ती कलती केली.

धुरपताबाई कठड्यावरून वाकली. “काढलेलं पानी परत काहून टाकून राह्यल्या, शेटानीबाई?”

“बारीक जीव असतेत पान्यात. फडक्यावर रायले त मरतीन ना. ज्या विहिरीतले त्याच विहिरीत सोडा लागते.”

“मले त काहीच नाही दिसत.”

“कोनालेच नाही दिसत. पन असतेत.”

धुरपताबाई बराच वेळ खाली पाहत राहिली. मग तिनं रामरावाला विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“हे पब्लिकमंदी येतेत का रे भाऊ?”

रामरावानं अंगुरीबाईकडे पाहिलं. अंगुरीबाईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. बादली वर ओढून तिनं बाजूला ठेवली, फडकं झटकून घडी न करताच धुरपताबाईच्या घागरीच्या तोंडावर पसरलं.

“तिकून घट्ट धर,” ती म्हणाली. “अन् तांड्यातल्या बायाइले सांगजो, गाळून झालं का जीव याच विहिरीत सोडाचे.”