आखाजीचं मैदान

लीलाधर मान खाली घालून उभा होता आणि भिकुबाईची जीभ थांबायला तयार नव्हती.

"आखाजी चार दिनवर उनी. आंडेरी माहेरले येतीन, त्या झोका कोठे खेयतीन? तुना डोकावर?"

शिंदखेड्याजवळच्या त्या गावात माहेरी आलेल्या लेकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके घ्यायच्या ते मैदानातल्या कडुलिंबालाच. भिकुबाईच्या तिघी लेकी वर्षातून तेव्हाच यायच्या, म्हणून त्या मैदानावर तिचा फार जीव.

गाड्यांनी मात्र मैदानाची पार दैना केली होती. फाट्याला लवकर पोचायचं म्हणून ट्रॅक्टर तिथूनच जात आणि सरपंचांची जीपही. मागच्या आखाजीला तिची धाकटी झोक्यावरून उतरताना चाकोरीत पाय मुरगळून पडली. भिकुबाईनं दोन अर्ज दिले. सरपंच शालिग्राम नाना "बघू" म्हणाले. नानांचं बघणं गावाला ठाऊक होतं.

आज तर लीलाधरनं कहरच केला. ट्रॅक्टरमागचा नांगर वर घ्यायचा विसरला म्हणे, आणि सगळं मैदान नांगरून गेला. झाडाच्या मुळ्या तेवढ्या वाचल्या, हे नशीब.

भिकुबाई पंचवीस बाया जमवून त्याला नानांच्या ओट्यावर घेऊन आली होती. नानांची बायको कुंदाबाईही दारात आली. त्यांचीही लेक यायची होती.

"नांगर दिखना नही का रे तुले?" नानांनी विचारलं.

"चुकनू, नाना."

इतक्या बायांपुढे नानांना चेव आला. "आजपाईन मैदानमा गाडी बंद. लीलाधर, जागा तूच सरखी कर आनि चारीमेर दगड गाड."

"बठ्ठ्या गाड्या, नाना?" भिकुबाईनं विचारलं.

नानांची नजर अंगणातल्या जीपकडे गेली; सगळ्या गाड्यांत तीही आली. दारातून कुंदाबाई बघत होती.

"बठ्ठ्या."

लीलाधरनं निमूट मैदान सपाट केलं, दोन ट्रॉल्या दगड आणून चारी बाजूंना गाडले. दुसऱ्या दिवसापासून नानांची जीप वळसा घालून जाऊ लागली.

आखाजीला झोके आभाळाला भिडले. तिघी लेकी हसतखिदळत घरी आल्या तेव्हा भिकुबाईचं मन अगदी निवलं. तिनं लीलाधरला जेवायला बोलावलं, पाटावर बसवलं आणि ताटात खापरावरचा पुरणाचा मांडा वाढला.

"अक्का," घास मोडत तो म्हणाला, "नांगर घालाले तूच सांगेल व्हतं, मंग इतल्या शिव्या कशाले दिध्यात?"

"कमी दिध्या व्हत्यात, ते नानाले खरं वाटतं का? ले, आखो एक मांडा ले."