शटरबाहेरचा सर्जा

"सर्जा, ऊठ. बाहेर हो!"

सीझनच्या पहिल्या बाइक रेसला आमच्यातला सर्जा गॅरेजातल्या टीव्हीसमोर बसला आणि आमचा लाडका रायडर, एकसष्ट नंबर, पडला. तेव्हापासून दर रेसला आम्ही त्याला गॅरेजबाहेर बसवून शटर ओढायचो. एकसष्ट पुन्हा एकदाही पडला नाही. आज तर शेवटची रेस होती, जिंकली की चॅम्पियन.

शेवटच्या वळणावर, सगळ्यांच्या पुढं असताना, एकसष्ट गाडीसकट घसरत वाळूत गेला.

मी रागानं शटर वर केलं. "फटीतून बघितलंस न्हवं?"

"आईशप्पथ न्हाई!" सर्जाचा चेहरा पांढराफटक पडला. "वर्षभर हितं बसून मोबाइलवर सगळ्या रेस बघितल्या. आज चॅम्पियनशिप हाय म्हणून पहिल्यांदा मोबाइल बंद ठेवला."