साठ मीटर आत

नऊ कोंबड्या दगडाबाईने स्वतःच्या हाताने धरून दिल्या. एकेकीचे पाय पकडून तिने त्या पोत्यात सरकवल्या, पोत्याचं तोंड बांधलं आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन बसली.

"आजी, यादीत एक कोंबडाही आहे," प्रांजल म्हणाली. ती तालुक्याची पशुवैद्यकीय अधिकारी होती. अंगभर पांढरा पोशाख, तोंडावर मास्क, हातांत रबरी मोजे. ओढ्याकाठच्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाला होता. पोल्ट्रीपासून एक किलोमीटरच्या आत, परसातला असो की शेडमधला, प्रत्येक पक्षी आज दिवस मावळायच्या आत मारून पुरायचा, असा आदेश होता. नकाशावर दगडाबाईचं घर नऊशे चाळीस मीटरवर येत होतं.

"पाचवीला कापला," दगडाबाई म्हणाली.

ग्रामपंचायतीचा शिपाई बाळासो पाठीवरचा फवारणीचा पंप सावरत हसला. "नऊ बायका सरकारला दिल्या, आन् दादला तेवढा कापून खाल्ला व्हय गं मावशे?"

"तुला रस्सा धाडायचा ऱ्हायला, म्हून खवळलायस व्हय रं?"

दगडाबाईचा आवाज हलला नव्हता. पाठ मात्र तिने बंद दाराला घट्ट टेकवली होती.

तिच्या पाठीमागच्या खोलीत तिची सून अंकिता नऊ दिवसांची बाळंतीण होती. त्याच खोलीच्या कोपऱ्यात डालग्याखाली कोंबडा होता. डालग्यावर काळं घोंगडं टाकलेलं होतं, कारण अंधारात कोंबडा आरवत नाही.

अंकिताचं पहिलं बाळ तीन दिवस जगलं होतं, दुसरं अकरा. तिसऱ्या वेळी कळा सुरू झाल्या, तेव्हा दगडाबाईने हाच कोंबडा दोन्ही हातांत उचलला आणि म्हसोबाच्या माळाकडे तोंड करून बोलली, "जगलं तर बाराव्या दिशी ह्यो तुझा." नात झाली. नवसाचा कोंबडा बदलता येत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या हाताने मेला, तर देव आपलं येणं दुसऱ्या जिवातून घेतो. याविषयी दगडाबाईला तिळमात्र शंका नव्हती. अजून तीन दिवस काढायचे होते.

"खोली बघावी लागेल," प्रांजल म्हणाली.

"बाळंतीण हाय आत. बारा दिवस परक्याची सावली पडू देत न्हाई आमी. आन् तुमी तर सकाळधरनं मेल्या कोंबड्यांत हात घालताय."

"म्हणूनच आत येत नाही." प्रांजल उंबऱ्यापासून दोन हात लांबच थांबली.

"पोलीस बोलवू का, बाई?" बाळासोने विचारलं.

"सकाळी बोलावले होते ना? काय झालं?"

सकाळी पोलीस दिसताच खालच्या वस्तीतली एक बाई सहा कोंबड्या पदराखाली घेऊन मक्यात शिरली होती. अजून सापडली नव्हती.

प्रांजलने बंद दाराकडे पाहिलं. "बाळ अंगावर पितंय?"

"पितंय की."

"ताप, शिंका?"

"न्हाई."

मग प्रांजल जरा मोठ्याने बोलू लागली. ती दगडाबाईकडे पाहत नव्हती, दाराकडे पाहत होती. "या रोगात पक्षी आधी दाणे सोडतो. मग तुरा जांभळा पडतो, डोळे सुजतात. त्याच्या श्वासातून आणि विष्ठेतून रोग बाहेर पडतो, आणि बंद खोलीत तो साठत जातो. माणसांना क्वचित होतो. पण नऊ दिवसांच्या बाळाच्या अंगात त्याच्याशी लढायला काहीच नसतं." ती वळली. "चला, बाळासो."

दोघांची पावलं अंगणातून गेली. दगडाबाई आत आली आणि तिने कडी लावली. नवस वाचला होता.

अंकिता बाळाला छातीशी धरून समोरच्या भिंतीला चिकटून बसली होती. "आत्याबाई, ह्यानं कालपास्नं दाण्याला तोंड लावलं न्हाई."

"मग काल का बोलली न्हाईस?"

"कशी बोलू? ह्यो गेला तर ही जाणार, असं तुमीच म्हणला हुता."

दगडाबाईने घोंगडं बाजूला केलं आणि डालगं उचललं. कोंबडा मान वाकडी करून बसला होता. तुरा जांभळा पडला होता. एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्या डोळ्याने तो तिच्याकडे पाहत होता.

बाळ शिंकलं. एकदाच.

दगडाबाई डालगं हातात धरून उभी राहिली. कोंबडा दिला तर देव, ठेवला तर रोग. दोन्हीकडून मागणी एकाच जिवाची होती. आजवर देवापुढे ती कधी खोटी पडली नव्हती. तिने डालगं खाली ठेवलं, घोंगडं पुन्हा टाकलं, कडी काढली आणि अनवाणी पळत सुटली.

"आवं बाई! खोटं बोलले मी! कोंबडा हाय! माझ्याच घरात हाय!"

गल्लीतली दारं उघडली. बायका बघत राहिल्या. त्या दोघांची गाडी पुढच्या वस्तीला गेली असेल, या भीतीने ती आणखी जोरात ओरडत पळाली.

गल्लीच्या तोंडाशी मोहिमेसोबत आलेली रुग्णवाहिका उभी होती. मागचं दार उघडं होतं. ड्रायव्हर आत धुतलेली चादर अंथरत होता.

"दगडाबाई तुमीच न्हवं?" त्याने विचारलं. "चला, माय-लेकरांना घिऊन या. डॉक्टरबाई मघाच तुमच्या मागल्या दाराला जाऊन उभ्या ऱ्हायल्यात, कोंबडा तिकडनं बाहीर जाऊ नये म्हून. पर मला म्हणाल्या, तू हितंच थांब, म्हातारी पुढनंच येईल."