सर्व्हरवरचा भार

अठ्ठ्याण्णव साली सुप्याच्या एका कारखान्यात सगळ्यांची नावं आणि पासवर्ड एका सर्व्हरवर गेले. गेटवरच्या मशीनवर कामगारानं नंबर दाबायचा, सर्व्हरनं त्याला ओळखायचं, मगच हजेरी. पण सर्व्हर रोज सकाळी ‘फार फायली उघड्या आहेत’ एवढं सांगून अडायचा आणि बाहेर ताटकळलेल्यांचा अर्धा दिवस कापला जायचा.

“आमी टायमात आलोय मॅडम, तुमचं मशीनच उठलेलं न्हाई,” गोरक्ष फिटर चिडून म्हणाला.

सर्व्हर सांभाळणाऱ्या यशोधरा गायकवाडनं कारण शोधलं. कामावर कोण आहे ते केबिनमध्ये बसून दिसावं म्हणून साहेबांच्या भाच्यानं एक प्रोग्राम लिहिला होता. तो सर्व्हरला सारखा विचारत राहायचा, दर वेळी नवी फाईल उघडायचा आणि एकही बंद करायचा नाही.

“उघड्या फायलींची मर्यादा वाढवा,” साहेब म्हणाले.

“दोनदा वाढवली, सर. तो प्रोग्राम थांबवावा लागेल.”

“पोरानं हौसेनं केलाय. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, गायकवाड बाई.”

सर्व्हरवरचा भार कमी करायचं ठरलं. संध्याकाळी भाच्यानं आधीच उघड्या असलेल्या लॉगिनमधून सर्व्हरवरचं एक नाव पुसलं. यशोधराचं. नोकरीसकट.

सकाळी पुन्हा सगळं गेटवर अडलं. तिच्या शेजाऱ्यांकडे साहेबांचा फोन आला.

“यशोधराताई, सर्व्हरचा पासवर्ड तेवढा सांगता का?”

तिनं सांगितला. साहेबांनी लिहून घेतला.

“पण चालणार नाही, सर,” ती म्हणाली. “तो ज्या नावाचा होता, ते तुम्ही काल पुसलंत.”