जप्त केलेले आवाज

बायको तुळसा गेल्याचा फोन दवाखान्यातून ज्ञानूला आला, त्याच दिवशी डाळज गावाजवळ धरणाच्या काठावर लावलेला रेकॉर्डर पोलिसांनी जप्त केला. पाखरांचे आवाज टिपायला जर्मनीच्या संशोधक बाईंनी तो लावला होता. तेव्हापासून ज्ञानू पोलीस कचेरीत खेटे घालतोय.

"आबा, धरणाजवळचं रेकॉर्डिंग परदेशात जाऊ द्यायचं का?" साहेबांनी विचारलं.

"नका जाऊ देऊ. बाईस्नी बी देऊ नका. फकस्त मला एकदा ऐकवा."

"पाखरं तर तुमच्या दारातच ओरडतात की."

"पाखरं न्हाय, साहेब. मी होडीत असलो की तुळसा तितंच काठावर, त्या यंत्रापाशी उभी राहून मला जेवायला हाक मारायची."


चौकशी अजून चालू आहे, आणि ज्ञानूचं ती हाक ऐकायचं राहिलंच आहे.